यानोशिकच्या गावाहून

नित्रा, १२ मे

प्रिय बंड्या,

तू फोनवर म्हणालास, "फोटो पाठवू नकोस, डोंगर सगळे सारखेच दिसतात. लिही." आता भोग आपल्या कर्माची फळं. पत्र लांबणार आहे.

इथे येऊन सात महिने झाले. टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८ पासून नित्र्यात आहे, त्यामुळे कँटीनमध्ये अधूनमधून मराठी कानावर पडतं. पण कारखाना म्हणजे स्लोव्हाकिया नव्हे. म्हणून गेल्या आठवड्यात चार दिवस रजा टाकली आणि उत्तरेला तेर्खोवाला गेलो. झिलिना शहरापर्यंत रेल्वे, पुढे पंचवीसेक किलोमीटर बस.

गाव केवढं, तर चार हजार वस्तीचं. हे ऐकून तू हसशील. तुमच्या म्हसवडच्या यात्रेत एवढी माणसं नुसती चहाच्या टपऱ्यांभोवती उभी असतात. पण साऱ्या स्लोव्हाकियाची लोकसंख्याच जेमतेम ५५ लाख, त्या हिशेबाने हे मोठं गाव. आणि पसारा विचारू नकोस. मधे चर्च, शाळा, दुकानं, आणि मग डोंगराच्या प्रत्येक घडीत चार-सहा घरांच्या वाड्या. बऱ्याच वाड्यांना घराण्यांची नावं, आपल्या कोकणात असतात तशीच. 'अमक्यांकडे' म्हटलं की ती अख्खी वाडी. मी ज्या आजींकडे उतरलो त्यांना सगळे 'तेता' म्हणतात. तेता म्हणजे मावशी-आत्या, पण गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला चालतं. दुसऱ्या दिवशी मीही म्हणायला लागलो.

गाव वसलं १५८० मध्ये, स्त्रेच्नोच्या किल्ल्याच्या जहागिरीत. वसवलं कुणी, तर मेंढपाळांनी. बंड्या, तुझे आजोबाही मेंढरंच राखायचे, म्हणून इथे मला तू फार आठवलास. पूर्वेकडून, आजच्या रुमानियाच्या बाजूने, कार्पेथियन डोंगरांच्या धारेधारेने मेंढपाळांचे तांडे शतकानुशतकं पश्चिमेकडे सरकत आले. त्यांना वालाख म्हणत. वाटेत रुथेनियन, पोलिश, स्लोव्हाक अशी सगळी माणसं त्यांच्यात मिसळली, इतकी की शेवटी वालाख हे जातीचं नाव न राहता धंद्याचं झालं. जहागीरदाराला वरच्या उतारांवर नांगर घालणारं कुणी मिळत नव्हतं. तो यांना म्हणायचा, जंगल तोडा, राहा, काही वर्षं कर माफ. पुढे कर द्यायचा तो धान्यात नाही, जित्राबात: दर वीस मेंढ्यांमागे एक, शिवाय चीज.

तो धंदा अजून संपलेला नाही. वर कुरणावर मेंढरांचा तळ असतो त्याला सालाश म्हणतात. तिथला मुख्य तो बाचा, त्याच्या हाताखालचे ते वालाख. जुन्या रीतीने २४ एप्रिलच्या सुमारास, सेंट जॉर्जच्या सणाला कळप वर चढतो आणि सप्टेंबरअखेर सेंट मायकेलच्या सणाला उतरतो. मी गेलो तेव्हा मेंढरं नुकतीच वर गेली होती. दूध काढायची तऱ्हा बघ: आडोशाच्या भिंतीला अरुंद फटी, पलीकडून पोरगं मेंढरं रेटतं, अलीकडे माणसं बसलेली. मेंढी फटीतून बाहेर पडता पडता धरायची, पिळायची, सोडायची. पाठ मोडते. त्या दुधाचं ब्रिंड्झा नावाचं मऊ, खारट, उग्र चीज करतात, आणि मे महिन्यातलं ब्रिंड्झा सगळ्यात चांगलं असं इथे शेंबडं पोरही सांगतं. बटाट्याच्या पिठाच्या बारक्या गोळ्या उकडून त्यावर ते घालतात. वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे असतात, ते मी बाजूला सारले. तेतांनी पाहिलं, बोलल्या काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला तेवढ्यापुरता परतलेला कांदा मिळाला.

आणि ऐक, कळप कोंडायला लाकडी फळ्यांचं हलतं कुंपण असतं. दर थोड्या दिवसांनी ते उचलून कुरणात पुढे सरकवतात, म्हणजे सगळीकडे खत पडतं. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवतात आणि भोवती वाघर लावतात, तेच. फक्त जाळ्याऐवजी फळ्या.

आता यानोशिक. त्याच्याशिवाय या गावात पान हलत नाही. युराय यानोशिक, इथला, १६८८ च्या जानेवारीत शेजारच्या वारीनच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. पोरवयात तो राकोत्सीच्या बंडात सामील झाला, हंगेरीच्या सरदारांनी व्हिएन्नाच्या बादशहाविरुद्ध पुकारलेल्या. बंड फसत गेलं, मग हा बादशहाच्याच फौजेत. बित्चाच्या गढीवर पहाऱ्याला असताना आतल्या एका कैद्याशी दोस्ती झाली. तो उहोरचिक, दरोडेखोरांचा नाईक. पुढे उहोरचिक निसटला, यानोशिक घरी आला, आणि १७११ मध्ये टोळीची नाईकी याच्याकडे आली. दीडेक वर्षं व्यापारी, सरदार, वाटसरू लुटले. मग क्लेनोवेत्सला पकडला गेला. १७१३ च्या मार्चमध्ये लिप्तोव्स्की मिकुलाशला दोन दिवस खटला चालला, दुसऱ्या दिवशी हाल करून जबाब घेतला आणि डाव्या बरगडीत आकडा घालून टांगायची शिक्षा दिली. वय पंचवीस.

कागदावर एवढंच आहे. बाकी सगळं लोकांनी त्याला दिलं. गरीब विद्यार्थ्यांना तो कापड मोजून द्यायचा ते या झाडापासून त्या झाडापर्यंत. कमरेच्या पट्ट्यात जादू होती. पकडायला शिपाई आले तेव्हा एका म्हातारीने त्याच्या पायाखाली वाटाणे फेकले म्हणून तो घसरला. आणि टांगल्यावर माफीची तयारी दाखवली तर म्हणाला, "भाजलंत ना मला, आता खा!" त्याच्या हातात नेहमी वलाश्का, म्हणजे मेंढपाळाची लांब दांड्याची कुऱ्हाड. म्हणजे दरोडेखोराच्या हातातही अखेर सालाशवरचंच हत्यार. खऱ्या यानोशिकने गरिबांना किती वाटलं कोण जाणे. मला वाटतं फारसं नाही. पण वेठबिगारीत पिचलेल्या माणसांना असा कुणी हवा होता, आणि मेलेला माणूस हवा तसा घडवता येतो. १९२१ मध्ये अमेरिकेत गेलेल्या स्लोव्हाकांनी त्याच्यावर मूकपट काढला, इतका तो समुद्रापारही सोबत गेला होता.

त्याला टांगल्यावर पाच वर्षांनी, १७१८ मध्ये, याच गावात दुसरा एक जण जन्मला: आदाम फ्रान्तिशेक कोल्लार. हा शिकला, व्हिएन्नाला गेला, मारिया तेरेसा राणीच्या दरबारी ग्रंथालयाचा प्रमुख झाला. 'एथ्नॉलॉजी', म्हणजे लोकसमूहांच्या अभ्यासाचं शास्त्र, हा शब्द १७८३ मध्ये त्यानेच वापरात आणला. आणि गंमत अशी की सरदारांनीही कर भरला पाहिजे अशा अर्थाचं पुस्तक १७६४ मध्ये लिहून त्याने हंगेरीची सगळी सरदारमंडळी अंगावर ओढवून घेतली. पुतळ्याच्या डोंगरावर मात्र यानोशिकच. १९८८ चा, जन्माच्या तीनशे वर्षांनिमित्त केलेला, चकाकत्या धातूचा, दुमजली घराएवढा, व्रातना खोऱ्याच्या तोंडाशी. मला विचारशील तर सरदारांना जास्त घाम कोल्लारने फोडला असेल. पण ग्रंथपालावर गाणी कोण रचणार?

गाणी मात्र ऐकण्यासारखी. दोन-तीन व्हायोलिनं आणि दोनच तारांचा एक छोटा बास, गळ्यात अडकवलेला. सगळे एकदम, वेगवेगळ्या पट्ट्यांत, गळ्याच्या शिरा ताणून गातात. डोंगराच्या या कडेवरून त्या कडेला हाक द्यायची सवय असलेल्या माणसांचं गाणं. २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं.

परतताना झिलिनाला बुदातीनच्या गढीतलं द्रोतारांचं संग्रहालय पाहिलं. द्रोतार म्हणजे तारकाम करणारे. या सगळ्या मुलखात जमीन कमी आणि तोंडं जास्त, म्हणून पुरुष पाठीवर तारेची भेंडोळी टाकून निघायचे. फुटक्या मातीच्या भांड्याभोवती तारेची जाळी विणून ते पुन्हा चुलीवर चढवण्याजोगं करून द्यायचे. गल्लीत ओरडत जायचे, आपल्या कल्हईवाल्यासारखे. वॉर्सा, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, कुठे कुठे पोचले. बरोबर शिकाऊ पोरगं असायचं, त्याला जारेक म्हणत. एका फोटोत असा एक जारेक आहे, अंगापेक्षा मोठी टोपी घातलेला. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो.

शेवटच्या संध्याकाळी तेतांनी हृयाते केलं. साखर करपवून, चरबीत दारू गरम करून. चरबी असल्याचं मला दुसऱ्या घोटाला कळलं, तोवर उशीर झाला होता. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आहेत का असे पुतळ्यातले दरोडेखोर?" मी म्हटलं, इंग्रज ज्याला दरोडेखोर म्हणायचे आणि आम्ही राजा म्हणतो असा उमाजी नाईक आहे, १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिला. त्यांनी लगेच वय विचारलं. मी मनात हिशेब करून म्हणालो, चाळीस. तेता थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याला जरा तरी जगू दिलं."

तुझ्या आजोबांच्या वाड्यावर वाघर कोण हलवायचं, पुरुष की बायका, तेवढं आण्णांना विचारून कळव. बाचाला सांगायचं कबूल केलंय. आणि सोबत धुरी दिलेलं मेंढीचं चीज पाठवतोय. वास येईल, फेकू नकोस, तसाच असतो.

तुझा,
विन्या