अर्जातला उमेदवार दिसू द्या

माननीय संपादक महोदय,

नोकरीच्या अर्जासोबत जोडल्या जाणाऱ्या पत्राविषयी, म्हणजे आता सर्रास ज्याला ‘कव्हर लेटर’ म्हणतात त्याविषयी, थोडे लिहावेसे वाटते. भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा माझा लहान कारखाना आहे आणि तिथे येणारा प्रत्येक अर्ज मी स्वतः वाचतो. पूर्वीचे अर्ज ‘वरील विषयास अनुसरून’ असे सुरू होऊन ‘आपला कृपाभिलाषी’ असे संपत आणि मधल्या मजकुरात कामापेक्षा घरच्या परिस्थितीचेच वर्णन अधिक असे. आता बाविशीतला मुलगाही आपण संघाचे नेतृत्व केल्याचे लिहितो आणि तेच वाक्य, शब्दही न बदलता, त्याच आठवड्यात आणखी चार पत्रांत सापडते. त्या अर्जांतली लाचारी आणि या अर्जांतली फुशारकी, दोन्हींच्या आड उमेदवार दिसेनासा होतो.

गेल्या वर्षी आयटीआय झालेल्या एका तरुणाने सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, यंत्राचे सेटिंग (नव्या कामासाठी यंत्राची जुळणी) आपण स्वतंत्रपणे करतो असे लिहिले होते. प्रत्यक्षात यंत्रासमोर उभा राहिल्यावर त्याला टूलचा ऑफसेटही, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या मापाची यंत्राला द्यायची नोंदही, देता येईना. मात्र त्याच दिवशी शेजारच्या यंत्राचा नुसता आवाज ऐकून त्याने इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे कापणारे पाते, झिजल्याचे सांगितले आणि ते खरे निघाले. असा कान असलेला ऑपरेटर, म्हणजे जुळणी झालेले यंत्र चालवणारा, मला हवाच होता. मी त्याला ऑपरेटर म्हणून राहण्याविषयी विचारले, पण तो इतका ओशाळला होता की दुसऱ्या दिवशी आलाच नाही. पत्रात त्याने न येणारी गोष्ट लिहिली आणि येणारी लिहायची राहून गेली, याची हळहळ मला अजून वाटते.

या संदर्भात श्रीनिवास रामानुजन यांनी ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाच्या जागेसाठी केलेला अर्ज मला वारंवार आठवतो. आपण मॅट्रिक उत्तीर्ण आहोत, एफ. ए. (मॅट्रिकनंतरची महाविद्यालयीन परीक्षा) पर्यंत शिकलो, पण प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण पुढे नेता आले नाही, आपला सर्व वेळ गणितात जातो आणि ही जागा मिळाल्यास कामाला न्याय देऊ असा विश्वास आहे, एवढेच त्यांनी त्यात लिहिले. एफ. ए.च्या परीक्षेत ते नापास झाले होते. तो शब्द त्यांनी वापरला नाही, पण उत्तीर्ण झाल्याचा आभासही निर्माण केला नाही. १९११ मध्येच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा बर्नुली संख्यांवरील लेख प्रसिद्ध झाला होता, त्याचाही उल्लेख अर्जात नाही; हिशेबाच्या कारकुनीशी त्याचा तसा संबंधही नव्हता. स्तुतीचे काम त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांच्या शिफारसपत्रावर सोपवले. दरमहा ३० रुपयांची ती नोकरी त्यांना मिळाली आणि १ मार्चपासून ते रुजूही झाले. या अर्जातली नम्रता मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात आत्मविश्वास सोडलेला नाही. ‘न्याय देऊ’ हे वाक्य त्यांनी ठामपणेच लिहिले आहे.

दोष केवळ उमेदवारांचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जागा ऑपरेटरची असताना ‘सेटर-कम-ऑपरेटर, पाच वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशी जाहिरात आम्ही कारखानदार देतो. मीही दिली आहे. खरे लिहिले तर अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होईल, ही भीती त्या मुलांच्या मनात आमच्याच जाहिरातींनी घातली आहे. त्यात तयार नमुने आणि संगणकाकडून लिहून घेतलेली पत्रे यांची भर पडली, तेव्हा ज्याला दोन वाक्ये स्वतःची लिहिता आली असती तोही ती लिहीत नाही.

आपल्या करिअर पुरवणीत अर्जांचे नमुने प्रसिद्ध होतात आणि अनेक उमेदवार ते जसेच्या तसे उतरवून घेतात. त्या नमुन्यांत ‘मला अमुक काम येते, अमुक अजून येत नाही, ते शिकण्याची तयारी आहे’ अशा एका परिच्छेदाला जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. माझ्याकडून, पुढच्या जाहिरातीत ‘सेटिंग येत नसल्यास तसे स्पष्ट लिहावे, त्या कारणाने अर्ज बाद केला जाणार नाही’ हे वाक्य मी घालणार आहे आणि परिसरातील इतर कारखानदारांनाही तसे सुचवणार आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे