शॉकलेची पोरं

चि. ओंकार, अनेक आशीर्वाद.

परवा तू फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकलास ना, नोबेलवाल्या शास्त्रज्ञानं सांगितलंय की हुशारी रक्तातच असते आणि खालच्या लोकांना वर आणून काही उपयोग नाही वगैरे, त्यावर मी ग्रुपवर काहीच बोललो नाही. तुझ्या काकानं लगेच अंगठा दाखवला, आत्यानं हात जोडले (ती सगळ्यालाच जोडते). म्हणून हे तुला वेगळं लिहितोय, दुकानात बसून, मधे गिऱ्हाईक आलं की थांबतोय, त्यामुळे तुटक वाटलं तर समजून घे.

तो माणूस म्हणजे विल्यम शॉकले. तुझ्या हॉस्टेलच्या मित्रांना तो रिझर्वेशनच्या वादात आत्ता सापडला असेल, मला तो आयटीआयपासून माहितीये, कारण आपलं घर त्याच्यावर चाललंय. आजोबांचा तो चामड्याच्या कव्हरातला रेडिओ, ज्याला आपण सगळे ट्रान्झिस्टरच म्हणायचो, त्यातल्या एसी १२८ नंबरच्या पार्टांच्या जोडीपासून ते आत्ता माझ्या ट्रेमधे पडलेल्या बीसी ५४८ पर्यंत, सगळे त्याच्या खानदानातले. जंक्शन ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारा इवलासा पार्ट. ती त्याची आयडिया, आणि त्यात मी एक पैसा कमी करणार नाही.

पण ती सुचली कशी ते बघ. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन या दोघांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख लावला, टोकाशी ब्लेडनं बारीक चीर दिली आणि तो जर्मेनियम या धातूसारख्या पदार्थाच्या तुकड्यावर स्प्रिंगनं दाबून धरला. असलं जुगाड बघितलं की मला अजून मजा वाटते. शॉकले त्यांचा साहेब, पण या कामात त्याचा थेट हात नव्हता, पेटंटवर नाव लागलं नाही. हे त्याला इतकं झोंबलं की वर्षाअखेरीला शिकागोच्या हॉटेलच्या खोलीत दार लावून बसला आणि पानंच्या पानं लिहून काढली, आणि जानेवारीत त्याला तीन थरांच्या सँडविचची कल्पना सुचली, जी आधीच्यापेक्षा भक्कम आणि बनवायला सोपी निघाली. जळफळाटातून एवढं मोठं काम झालेलं मी दुसरं ऐकलं नाही. नंतर प्रसिद्धीसाठी फोटो काढला तेव्हा ब्रॅटनच्या टेबलावर, मायक्रोस्कोपपुढे, साहेब स्वतः बसला आणि ज्यांनी केलं ते दोघं मागे उभे. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून आलं.

त्याच सुमारास त्यानं कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला स्वतःची सेमीकंडक्टरची, म्हणजे असले पार्ट बनवायची कंपनी काढली, देशभरातून एकसे एक पोरं गोळा केली. पोरं निवडायची त्याची नजर पक्की होती, सांभाळायची अक्कल मात्र शून्य. इंटरव्ह्यूला घड्याळ लावून कोडी घालायचा. एकाला विचारलं, टेनिस स्पर्धेत १२७ खेळाडू, विजेता ठरायला मॅच किती? तू आधी स्वतः करून बघ मग पुढं वाच. त्या पोरानं पटकन सांगितलं १२६, एका मॅचला एक जण बाद होतो आणि बाद तर १२६ जणांना करायचंय. यावर खूष व्हायचं सोडून शॉकले चिडला, की इतक्या लवकर कसं जमलं! पुढं कंपनीत एकीच्या बोटाला टोचून रक्त आलं तर याला वाटलं कुणीतरी मुद्दाम केलंय, लोकांची लाय डिटेक्टरवर तपासणी करायला निघाला. १९५७ मधे आठ जण एकदम सोडून गेले, त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली, आणि त्यातल्याच नॉइस आणि मूर या दोघांनी १९६८ ला इंटेल काढली. नोकरीवर घेताना शॉकलेनं ज्या मानसशास्त्राच्या टेस्ट घेतल्या होत्या त्यात या दोघांबद्दल निष्कर्ष होता की हुशार आहेत पण चांगले मॅनेजर होणार नाहीत. तुझ्या लॅपटॉपवर कुणाचा स्टिकर आहे बघ.

आता तुझ्या फॉरवर्डकडे येतो. कंपनी बुडीत, मग स्टॅनफर्डला प्रोफेसर, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून यानं एकच तुणतुणं धरलं, की कमी आयक्यूवाल्यांना (आयक्यू म्हणजे टेस्टमधून काढलेला बुद्धीचा आकडा) पोरं जास्त होतात त्यामुळे समाजाची अक्कल घसरत चाललीये, आणि काळ्या लोकांचे मार्क कमी येतात ते जन्मजात. उपाय काय सुचवला माहितीये? नसबंदी करून घेणाऱ्याला आयक्यू १०० च्या खाली जितके पॉइंट असतील तितके हजार डॉलर बक्षीस. म्हणजे ७० वाल्याला ३० हजार. माणसांचं रेटकार्ड! जेनेटिक्स हा त्याचा विषय नव्हता, अमेरिकेच्या विज्ञान अकादमीकडे तो पुन्हा पुन्हा संशोधनाची मागणी घेऊन जायचा आणि ते नकार द्यायचे. एका पेपरनं त्याची तुलना नाझींच्या प्रयोगांशी केली म्हणून साडेबारा लाख डॉलरचा दावा ठोकला, १९८४ मधे ज्युरीनं दावा जिंकवून दिला आणि भरपाई दिली एक डॉलर. १९८२ ला सिनेटसाठी पक्षाचं तिकीट मागायला उतरला, आठवा आला.

तू म्हणशील माणूस विक्षिप्त असेल पण मुद्दा बरोबर असू शकतो. हे खरंय, म्हणून मुद्द्याचं बोलू. एका पोत्यातली मालदांडी ज्वारी अर्धी काळ्या रानात पेर, अर्धी माळावर. एकाच रानातल्या दोन ताटांत जो उंचीचा फरक दिसेल तो बियाण्याचा म्हणता येईल एकवेळ, पण काळ्या रानाची सरासरी आणि माळाची सरासरी यातला फरक बियाण्यावर ढकलला तर तुझे आजोबा काठी घेऊन मागं लागले असते. शॉकलेनं काळ्या-गोऱ्यांच्या मार्कांच्या बाबतीत नेमकं तेच केलं. आणि दुसरं म्हणजे तो अक्कल घसरतेय म्हणून गावोगाव भाषणं देत होता त्या काळात आयक्यूचे मार्क उलट वाढत होते, दर दहा वर्षांना साधारण तीन पॉइंट, फ्लिन नावाच्या संशोधकानं १९८० च्या दशकात बऱ्याच देशांच्या जुन्या टेस्ट काढून दाखवलं. एवढ्यात रक्त कुठं बदलतं होय रे? शाळा, खाणंपिणं, राहणीमान हेच बदललं असणार.

गंमत अशी की लहानपणी याचीच आयक्यू टेस्ट झाली होती. स्टॅनफर्डच्या टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अतिहुशार पोरं शोधायचा मोठा अभ्यास चालू केला होता, त्यात शॉकलेचे मार्क कमी पडले म्हणून घेतलं नाही. नोबेलवाला त्या यादीत बसला नाही आणि तरी आयुष्यभर त्याच फुटपट्टीनं दुसऱ्यांना मोजत राहिला.

पण मी लिहायला बसलो ते या कुठल्याच कारणानं नाही. १९८० मधे त्यानं एका मासिकाला मुलाखत दिली, त्यात स्वतःच्या तीन पोरांबद्दल म्हणाला की माझ्या कुवतीच्या मानानं ही फार मोठी घसरण आहे, आणि कारण सांगितलं की त्यांच्या आईचं शिक्षण माझ्याइतकं नव्हतं. छापून आलं हे. १९८९ ला तो गेला तेव्हा त्या पोरांना बाप गेल्याचं पेपरातून कळलं.

हे वाचलं आणि हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. तुझा दहावीचा निकाल आठवला. काकाकडचे पेढे घेऊन आले होते, सगळ्यांसमोर मी हसत म्हणालो होतो, ताई माझ्यावर गेलीये, हा आपला आईकडच्यांवर गेलाय. सगळे हसले, तूही हसलास. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती, मला वाटलं तिला उगाच लागलं. तू त्यानंतर मार्कशीट घेऊन दुकानात कधी आला नाहीस, सही आईचीच. ते मी बोलायला नको होतं. आईला काल सांगितलं, ती म्हणाली मला काय सांगता, त्याला सांगा.

तो बार्डीन माहितीये का, मागे उभा राहिलेला? १९५६ ला स्टॉकहोमला तीन पोरांपैकी एकालाच घेऊन गेला, तर राजानं त्याला टोकलं, बाकीची कुठं आहेत? हा म्हणाला पुढच्या वेळी सगळ्यांना आणतो. आणि १९७२ ला दुसरं नोबेल मिळालं तेव्हा खरंच तिघांना घेऊन गेला.

आजोबांच्या रेडिओला जुन्या बाजारात एसी १२८ ची जोडी मिळाली, एक बरा आहे, एक लीक मारतोय. एकट्यानं बसवत नाहीये, डाग द्यायला तुझा हात जास्त स्थिर आहे. दिवाळीला कोणत्या गाडीनं येतोयस ते आईला कळव, आणि येताना फ्लक्सची (डाग नीट बसायला लावतात ती) छोटी डबी आण, इथं डुप्लिकेट मिळतेय.

तुझा,
बाबा