बाबांचा इको रिपोर्ट आणि हृदयावरची चरबी

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेला इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट नीट वाचला. पंपिंग, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर जाणारा भाग, ६० टक्के आहे, म्हणजे नॉर्मल, आणि तेवढं वाचून तुम्ही रिपोर्ट फाइलला लावून टाकलात असं आई म्हणाली. पण त्याच्याखाली अजून दोन ओळी आहेत. एक, ठोका झाल्यावर हृदय सैल पडायला थोडा जास्त वेळ घेतंय. आणि दुसरी, हृदयावरच्या चरबीचा थर जरा जाड दिसतोय. मला या दोन ओळींबद्दलच लिहायचंय. फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणता आणि विषय बदलता आणि मग आई एकटी काळजी करत बसते, म्हणून हे पत्र. दोघांनी मिळून वाचा.

आईचा पहिला प्रश्न असा होता की हे तर काही जाड नाहीत, मग हृदयावर चरबी आली कुठून. आई, ती चरबी सगळ्यांनाच असते, सडपातळ माणसालाही. हृदयाचा बराचसा पृष्ठभाग, साधारण ८० टक्के, तिने झाकलेला असतो आणि हृदयाच्या एकूण वजनात तिचा वाटा जवळजवळ पाचवा भाग एवढा असू शकतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या याच चरबीतून जातात. दर ठोक्याला त्या पिळवटू नयेत म्हणून ती त्यांना आधार देते, रक्तात चरबीचे सुटे घटक म्हणजे फॅटी अॅसिड जास्त झाली तर शोषून घेते आणि लागतील तेव्हा हृदयाच्या स्नायूला परत देते, आणि हृदय आपली निम्म्याहून जास्त ऊर्जा फॅटी अॅसिडमधूनच मिळवतं. थोडी ऊबही देते. म्हणजे चरबी आहे हा दोष नाहीच, ती किती जाड झालीये आणि तिच्यातून काय बाहेर पडतंय हे बघायचं.

आणि बाहेर पडतं भरपूर. मी कॉलेजात हे शिकवते तेव्हा मुलांना हीच गोष्ट सगळ्यात नवीन वाटते. पूर्वी चरबी म्हणजे फक्त साठा असं धरून चालायचे. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमला लेप्टिन सापडलं, चरबीच्या पेशीतून निघून थेट मेंदूला "आता पुरे, साठा आहे" असं सांगणारं हार्मोन, आणि त्याच्या मागोमाग चरबीतूनच निघणारं दुसरं हार्मोन, अॅडिपोनेक्टिन सापडलं. तेव्हापासून चरबीकडे एक ग्रंथी म्हणून बघायला लागले. पोटातली चरबी, मांडीवरची चरबी, हृदयावरची चरबी, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, प्रत्येकीतून निघणाऱ्या रसायनांचं प्रमाण वेगळं.

हृदयावरच्या चरबीचं वेगळेपण असं की तिच्यात आणि हृदयाच्या स्नायूत मध्ये पडदाच नाही. दोघांना रक्तपुरवठाही त्याच बारीक वाहिन्यांमधून होतो. पोटातल्या चरबीचं हार्मोन हृदयापर्यंत यायचं तर आख्ख्या रक्तात मिसळून, पातळ होऊन येणार, पण इथलं सरळ शेजारच्या स्नायूत झिरपतं. दोन घरांमध्ये भिंतच नसली तर एका घरात काय शिजतंय ते दुसऱ्या घरात लगेच कळतं, तसं. म्हणून ही चरबी काही ग्रॅमच जास्त असली तरी हृदयाला फरक पडू शकतो, आणि म्हणूनच बाबा, बाकीचं वजन नॉर्मल आहे या एका कारणावर तो थर सोडून देता येत नाही.

थर पातळ आणि निरोगी असतो तोपर्यंत त्यातून अॅडिपोनेक्टिन चांगलं निघतं. ते सूज शांत ठेवतं, स्नायूला इन्सुलिनचं ऐकायला मदत करतं, धमन्यांचं आतलं अस्तर सांभाळतं. पेशी चरबीने फुगत गेल्या, की त्यांना ऑक्सिजन कमी पडायला लागतो, प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे गोळा होतात आणि सगळं मिश्रणच बदलतं, अॅडिपोनेक्टिन घटतं आणि सूज वाढवणारी टीएनएफ अल्फा, इंटरल्युकिन ६ अशी रसायनं वाढतात. २००३ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात बायपासच्या पेशंटची हृदयावरची चरबी आणि त्याच माणसांची पायाची चरबी घेऊन तुलना केली होती. हृदयावरच्या चरबीत ही सुजेची रसायनं कितीतरी जास्त निघाली. मला त्यातल्या पुढच्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात, एक तर माणूस जाड आहे की नाही, डायबेटिस आहे की नाही याने हा फरक बदलला नाही, आणि दुसरं म्हणजे रक्तातल्या आकड्यांवरून आतल्या सुजेचा अंदाज येत नव्हता. म्हणजे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून हृदयावर सगळं शांत आहे असं धरता येत नाही.

आता ती "सैल पडायला वेळ लागतोय" वाली ओळ. हृदयाचं काम फक्त दाबून रक्त बाहेर टाकण्याचं नाही, प्रत्येक ठोक्यानंतर सैल पडून पुन्हा भरून घ्यायचं पण आहे, आणि ६० टक्के हा आकडा फक्त बाहेर टाकण्याबद्दल बोलतो, भरण्याबद्दल काहीच सांगत नाही. सतत सुजेची रसायनं झिरपत राहिली की स्नायूच्या मध्ये चिवट तंतू साठतात, स्नायू ताठर होतो आणि भरायला त्रास होतो. वरून जाड थराचा स्वतःचा दाबही असतो, कारण बाहेरचं आवरण फार ताणत नाही. हार्ट फेल्युअरच्या पेशंटपैकी जवळपास निम्म्यांचं पंपिंग नॉर्मलच असतं, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. बाबा, तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुमची ही पहिली पायरी आहे, वयाने आणि बीपीनेही ती येते, आणि एकट्या चरबीवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. पण पहिल्या पायरीवर कळलंय तर तिथेच लक्ष द्यायचं ना.

बीपीचाही इथे संबंध येतो. शरीरात चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, पण मेंदू त्याचं भुकेबद्दलचं ऐकेनासा होतो. त्याचे बाकीचे परिणाम मात्र चालूच राहतात, नसांमधला ताण वाढतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त सुटतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि बीपी चढतं. आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांवरच्या चरबीतून अॅक्टिव्हिन ए नावाचं एक प्रथिन निघतं, ते तिथे तंतू वाढवतं, त्यातून ठोके अनियमित होण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. तुम्हाला मध्येच छातीत फडफडल्यासारखं होतं ना, ते डॉक्टरांना सांगा. "काही नाही, गॅस असेल" हे तुम्ही ठरवायचं नाही.

एक विनंती. हे सगळं वाचून अॅडिपोनेक्टिनची टेस्ट करायला किंवा ते वाढवणाऱ्या कुठल्या गोळ्या शोधायला जाऊ नका. ज्यांचं हृदय आधीच बरंच थकलंय त्यांच्यात अॅडिपोनेक्टिन उलट वाढलेलं दिसतं, आणि ज्यांच्यात ते जास्त त्यांची तब्येत जास्त नाजूक असं आढळलंय. त्यामुळे नुसता आकडा बघून चांगलं की वाईट काहीच ठरत नाही. थराची जाडी पण इकोमध्ये काही मिलीमीटरमध्ये मोजतात, मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे थोडीफार बदलते, सीटी किंवा एमआरआयमध्ये जास्त नीट कळते. दर महिन्याला मोजत बसण्यासारखं ते नाही.

आता आई, तू. तुझा इको झालेलाच नाही आणि मला खरं तर तुझीच काळजी जास्त आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे आणि आतल्या अवयवांकडे सरकते, हृदयाकडे सुद्धा. पंपिंग नॉर्मल असूनही हृदय नीट न भरण्याचा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, आणि तो उशिरा सापडतो कारण दम लागला तर वय झालं असं म्हणून सोडून देतात. जिना चढताना तू मध्ये थांबतेस, मग पदर सारखा केल्यासारखं करतेस, ते मी बघितलंय. संध्याकाळी तुझे घोटे सुजतात. आडवं पडल्यावर दम लागतो का, उशी उंच घ्यावी लागते का, हे मला खरं खरं सांग, आणि मला नाही सांगितलंस तरी डॉक्टरांना सांगच.

हा थर कमी होतो, आणि बऱ्यापैकी लवकर होतो, ही गोष्ट मला सगळ्यात आशेची वाटते. २०१९ मध्ये डेन्मार्कमधला एक अभ्यास आला, पोट सुटलेली आणि व्यायाम न करणारी माणसं घेतली होती. आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी ४५ मिनिटं, असे १२ आठवडे. दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांची हृदयावरची चरबी सुमारे ३२ टक्के कमी झाली, आणि वजनं उचलणाऱ्यांची सुमारे २४ टक्के. अभ्यास छोटा होता, जेमतेम ५० माणसांचा, आणि तुमच्या वयाला तसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे. बाबा, तुमचं रमतगमत फिरणं चांगलंच आहे, पण त्यातला थोडा वेळ बोलताना दम लागेल एवढ्या वेगाने चाला, आणि हलकी वजनं पण सुरू करा, आधी डॉक्टरांना विचारून, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून. उपाशी राहणं वगैरे काही करू नका, या वयात उपासाने स्नायूच आधी जातात.

काही नवीन औषधांनीही हा थर कमी झाल्याचं दिसलंय, डायबेटिससाठी आलेली एसजीएलटी २ गटातली आणि जीएलपी १ गटातली. २०२३ मध्ये जीएलपी १ गटातल्या सेमाग्लुटाइडचा एक मोठा प्रयोग छापून आला, त्यात लठ्ठपणा आणि नॉर्मल पंपिंगवालं हार्ट फेल्युअर दोन्ही असलेल्या लोकांचा त्रास कमी झाला आणि ते जास्त अंतर चालू शकले. बाबा त्यात बसत नाहीत, त्यामुळे शेजारी कोणी घेतंय म्हणून आपण मागायचं असं नको. बीपीची गोळी मात्र चुकवू नका, ताठर हृदयाला वाढलेलं बीपी अजिबात झेपत नाही. आणि आई म्हणते तुम्ही झोपेत खूप घोरता आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, तर तेही सांगायचं, त्याची वेगळी तपासणी असते आणि त्याचा बीपीशी आणि अनियमित ठोक्यांशी संबंध असतो.

तर आता एवढं करा. दोघांनी कंबर मोजा, बेंबीच्या जवळ, श्वास सोडून. उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरली तर तो आकडा लिहून ठेवा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी लिहा. अपॉइंटमेंट एकाची नाही, दोघांची घ्या, आणि बाबांचा आधीचा कुठला इको असेल तर तोही शोधून बरोबर न्या, म्हणजे सैल पडण्याचं मोजमाप तेव्हापासून बदललंय का हे डॉक्टरांना बघता येईल. आत गेल्यावर मला फोन लावून स्पीकरवर ठेवा, मी त्या दिवशी सकाळची लेक्चर दुसऱ्या कोणाला तरी देईन. वेळ ठरली की आज-उद्याकडे मला कळवा.

तुमची लेक