मराठी बोललं म्हणून फाइन?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या इथं जुळे सोलापुरात शेजारच्या पोराला वर्गात मराठी बोलला म्हणून दहा रुपये फाइन लागला. शाळेचं नाव लिहीत नाही, पोराला उगाच त्रास नको. पण फाइनपेक्षा त्याच्या आईचं बोलणं जास्त लागलं मनाला, "बरंच झालं, आता तरी इंग्लिशमधे बोलेल."

आयर्लंडमध्ये नेमकं हेच झालं हो! १८३१ पासून तिथल्या सरकारी शाळा इंग्रजीत, पोराच्या गळ्यात एक काठी अडकवायची, आयरिश बोललं की काठीवर खाच, मग खाचा मोजून मार, आणि कित्येकदा त्या खाचा घरी आईबापच पाडायचे. त्यात १८४५ चा दुष्काळ आला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, जास्त करून आयरिश बोलणारी गरीबच, मग राहिलेल्यांना वाटलं आता पोटासाठी इंग्रजीच पाहिजे. स्कॉटलंडच्या १८७२ च्या शिक्षण कायद्यात तर तिथल्या गेलिक भाषेचं नावसुद्धा नव्हतं.

आज आयरिश ही तिथली पहिली राजभाषा, १९३७ च्या घटनेतच तसं लिहिलंय, शाळेत पण शिकवतात. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांवर लोक म्हणाले आम्हाला येते, पण शाळेबाहेर रोज बोलणारे ७२ हजारच्या आसपास! आपण २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले, पण घरात कोण बोलणार?

आणि हे फक्त मराठीचं नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड, उर्दू सगळं चालायचं, कुणी कुणाला मारलं नाही. आता तिथं पण आजी तेलुगूत विचारते आणि नातू इंग्लिशमधे उत्तर देतो.

आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर तिथली मॅन्क्स भाषा बोलत वाढलेला शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ ला वारला. तरी लोकांनी २००१ ला त्या भाषेत शाळा काढली. २००९ ला युनेस्कोने भाषा संपली म्हणून नोंद केली तेव्हा त्या शाळेतल्या पोरांनीच मॅन्क्समधे पत्रं पाठवली, आणि नोंद बदलली. इतकं होऊ शकतं.

इंग्लिश शिकवा, चांगलं शिकवा, पण मातृभाषा बोलल्याबद्दल पैसे घेणं बंद करा. शिक्षणाधिकाऱ्यांनी सगळ्या शाळांना तसं लेखी कळवावं आणि पालकांनी येत्या पालकसभेत मिळून हा विषय काढावा, म्हणजे एकट्या पोराचं नाव पुढं यायचं नाही.

एक वाचक, सोलापूर