नॉमिनी लावला म्हणजे झालं?

संपादक महोदय,

आमच्या नौपाड्यात सध्या जुन्या बिल्डिंगांचं रिडेव्हलपमेंट जोरात आहे आणि बिल्डरकडे कागद द्यायची वेळ आली की घराघरात एकच वाक्य ऐकू येतं, "नॉमिनी मीच आहे, म्हणजे फ्लॅट माझा". अहो, तसं नसतं! सोसायटी नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेते, वारस ठरेपर्यंत; पण मालकी ठरते ती मृत्युपत्रावरून नाहीतर वारसा कायद्यावरून. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाचंही तेच, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टाच्या घरात बायको, मुलगा, मुलगी, इतकंच काय त्याची आई असेल तर तीही सारख्याच वाट्याची धनी. म्हणजे भावांना लग्न झालेली बहीण "तिचं काय, ती तर डोंबिवलीला असते" म्हणून बाजूला काढता येत नाही.

आणि मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहा, सही करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, बस. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण केलेलं बरं. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण बघा, म्हणजे आपल्यामागे साक्ष द्यायला असतील, नाहीतर सगळे कट्ट्यावरचे समवयस्क मित्र धरून आणतात. सोसायट्यांनी एजीएममध्ये (वार्षिक सभेत) पार्किंगवर तासभर भांडण्याऐवजी एखाद्या वकिलाला बोलवावं.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे