पाटीवर आकडा आहे, नावं कधी लागणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यातल्या ९ जणांनी प्राण दिले एवढंच त्यावर कोरलंय, नाव एकाचंही नाही. कोकणात, साताऱ्याकडे अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. त्या ९ मधले एक माझे पणजोबा, हे मला मागच्या वर्षी कळलं.

घरात एवढंच माहीत होतं की ते इराकमधल्या बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. आजी म्हणजे त्यांची सून, ती म्हणायची मामंजी जंगी पलटणीत होते, आणि आम्हाला वाटायचं जंगी म्हणजे मोठी, आजीची आपली बोलायची पद्धत. एका रिटायर्ड सुभेदार काकांशी बोलता बोलता हा शब्द निघाला तर ते एकदम सरसावून बसले, म्हणाले अहो जंगी पलटण म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, तेव्हा तिचा नंबर १०३ होता, आणि कोणी ‘काळी पाचवी’ म्हणालं तर ती १०५ नंबरची दुसरी मराठा पलटण. म्हणजे आजी आयुष्यभर पलटणीचं नावच सांगत होती, आमचंच लक्ष नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

मग देवघरातलं चांदीचं मेडल काढलं. दर दिवाळीला रांगोळीने घासून घासून राजाचं तोंड गुळगुळीत झालंय पण कोणी सांगितलं म्हणून कड बघितली तर तिथे बारीक इंग्रजी अक्षरं! शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कडेवर असतं. नाव अर्धं पुसलं होतं, नंबर शाबूत होता. ज्यांच्याकडे असं मेडल असेल त्यांनी कृपा करून आधी कड वाचा, आणि ब्राँझची तळहातापेक्षा मोठी गोल तबकडी असेल, ब्रिटानिया म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई आणि सिंह कोरलेली, तर ती मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवलेली आठवण आहे, तिच्यावर त्याचं नाव असतं. आमची पितळेच्या भावात मोडीत गेली असं चुलते सांगतात.

युद्धात मेलेल्या शिपायांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर त्या युद्धात मेलेल्या शिपायांची नोंद फुकट बघता येते. पण आपल्या आजच्या स्पेलिंगने आडनाव टाकलं तर काही सापडत नाही, कारण लिहिणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, एकच सावंत तीन तऱ्हेने येतो. मराठा शब्दात सुद्धा तेव्हा आर च्या आधी एक जास्तीचा एच घालायचे. मी शेवटी नाव सोडून दिलं आणि पलटण, नंबर आणि गावाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकत बसलो. जिल्हा रत्नागिरीच टाकायचा बरं का, सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला. चौथ्या रात्री सापडले. वडिलांचं नाव, गाव, तालुका सगळं जुळलं. आईला उठवून दाखवलं तर ती काही बोललीच नाही, नुसती स्क्रीनवर हात ठेवून बसली.

तारीख १९१६ ची आहे, इराकमधल्याच कुत अल अमारा गावाच्या वेढ्यातली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडची फौज तिथे तुर्कांनी कोंडली होती, त्यात १०३, ११० आणि ११७ या आपल्या तीन मराठा पलटणी. धान्य संपत आलं, घोडे मारून खायची वेळ आली आणि आपले शिपाई धर्म जाईल म्हणून कितीतरी दिवस ते मांस नको म्हणत राहिले, पोटात काही नाही आणि पहारा चालूच. हे वाचल्यापासून घरात कोणी ताटात टाकलं की मला पणजोबा आठवतात.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, ४० हजारावर माणसांचं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, आपल्या सुभेदार जमादार अशा अधिकाऱ्यांचं कोरलं, पण साध्या शिपायाचा पलटणीखाली फक्त आकडा. नावं होती, वहीत लिहिलेली होती, दगडावर घातली नाहीत. या भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ मधे माफी मागितली. आता आपल्याच चावडीवर आपण अजून आकडाच ठेवायचा का?

गावाच्या नावाने शोधून मला ९ पैकी ४ जण सापडले, ५ राहिलेत. चावडी पाडून नवी इमारत बांधायचं चाललंय, पाटी काढताना ती फुटू नये आणि परत बसवताना खाली नावं लागावीत असा अर्ज मी दिलाय. तुमच्या पेपरने जिल्ह्यातल्या अशा पाट्यांचे फोटो वाचकांकडून मागवून छापावेत ही विनंती, एखाद्या घरातली म्हातारी माणसं बघून काहीतरी बोलतील, पलटणीचं नाव सांगतील. ती आहेत तोवर विचारलं पाहिजे. आमच्या पाटीचा फोटो सोबत जोडलाय.

आपला,
एक वाचक, जि. सिंधुदुर्ग