यंदा प्रमोशनला बसणार नाही

इंदिरानगर, नाशिक
ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, यंदा मी बँकेत स्केल थ्रीच्या, म्हणजे वरच्या अधिकारी श्रेणीच्या, प्रमोशनला अर्ज केलेला नाही. फोनवर हा विषय निघाला की आपण दोघंही तापतो, आई मध्ये पडते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहितेय.

मला बँकेचा कंटाळा आलाय असं कृपा करून समजू नका. आत्ता पिंपळगावच्या बाजूला द्राक्षबागांची गोडी छाटणी (फळासाठीची) चालू आहे. छाटणी झाली की बागायतदाराला औषधं, मजुरी सगळ्यालाच एकदम पैसा लागतो. अशा वेळी त्याची फाइल माझ्या टेबलावर अडकली नाही, वेळेत मंजूर झाली, की मला फार बरं वाटतं. बागेत जाऊन पाहणी करणं, सातबारा तपासणं, अवकाळीत माल गेलेल्या माणसाला कर्जाच्या पुनर्गठनाचे नियम नीट समजावून सांगणं, हे काम मला मनापासून आवडतं. तुमच्यामुळेच आवडायला लागलं.

पण सकाळी घरून निघताना संध्याकाळी किती वाजता परत येईन, हे मला लेकीला सांगता येत नाही. काउंटर बंद झाल्यावर कॅश टॅली होते, मग वसुलीचे फोन, मग विमा पॉलिसींचं टार्गेट कुठवर आलं याची विचारणा. घरी निघायच्या वेळेलाच वरच्या ऑफिसची व्हीसी (व्हिडिओ मीटिंग) लागते. ह्यांची अंबडला शिफ्ट असते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात लेक शेजारच्या काकूंकडे बसते आणि मी ओझरच्या पुढे हायवेवर ट्रॅफिकमध्ये. मार्चमध्ये तर विचारूच नका. द्राक्षाची काढणी, पीक कर्जाचं नवं-जुनं करायला (जुनं फेडून नवं घ्यायला) आलेली गर्दी आणि आमचं वर्षअखेरचं क्लोजिंग, सगळं एकाच महिन्यात येतं. कामाचे तास जास्त असले तरी माणूस निभावतो. तास कधी संपणार हेच माहीत नसलं की घरचं काहीच ठरवता येत नाही, आणि तेच माझ्या मनाला सर्वांत जास्त लागतं.

यावर अभ्यासही झालाय. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्येच नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले होते: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. पहिले दोन कोणालाही कळतात. तिसरा मला आमच्या शाखेत रोज दिसतो. थकबाकीदाराशी दिवसभर ज्या आवाजात बोलावं लागतं, तो आवाज घरच्या दाराशी आपोआप उतरत नाही. आणि घरी वाद झाला की दुसऱ्या दिवशी काउंटरवरची म्हातारी आजी पासबुक पुढे करते तेव्हा तीसुद्धा नकोशी वाटते. नोकरीतलं समाधान असं हळूहळू झिजतं. काम तेच असतं, पगारही तोच असतो, फक्त त्यातली गोडी जाते. शाखेतल्या दोन चांगल्या, हुशार माणसांचं असं झालेलं मी पाहिलंय. मला तसं व्हायचं नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल पगार वाढलाय की. खरंय, मार्च २०२४ च्या करारात १७ टक्के वाढ झाली. त्याच वेळी पाच दिवसांच्या आठवड्यालाही बँकांच्या असोसिएशनने होकार दिला, पण सरकारची मंजुरी अजून आलेली नाही. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला तो सप्टेंबर २०१५ पासून. बाकीचे शनिवार अजून कामाचेच आहेत. पैशापेक्षा त्या शनिवारांची वाट पाहणारे आमच्यात जास्त आहेत.

स्केल थ्री झाले तर बदली झोनबाहेर होण्याचीच शक्यता जास्त. ह्यांची नोकरी इथे, लेकीची शाळा इथे. मग आठवड्यातून एकदा भेटायचा संसार सुरू होईल.

तुम्ही क्लार्कचे ऑफिसर झाला नाहीत, कारण बदली झाली असती आणि आईची शाळेतली नोकरी सुटली असती. त्याची खंत तुम्ही बोलून दाखवता, आणि ती भरून काढण्यासाठी मी वर जावं असं तुम्हाला वाटतं, हे मला कळतं. पण तुम्ही सहाच्या आत घरी असायचात, माझी गणितं तपासायचात. ते मला मिळालं म्हणून मी या बँकेत आहे. त्यात काही कमी पडलं असं मी कधीच मानलं नाही.

प्रमोशन कायमचं सोडलेलं नाही. लेक दहावी झाली की बघू. तोवर एक खटपट करतेय: संध्याकाळी कोण थांबणार हे सकाळीच ठरवायचं, पाळीपाळीनं. आमचे आधीचे मॅनेजर असंच करायचे आणि तेव्हा काम कमी झालं नव्हतं, उलट रजा मागणारे कमी झाले होते. नवीन साहेबांशी बोलले आहे, ते दिवाळीनंतर करून बघू म्हणालेत.

बाबा, हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्या. रांगेत उभं राहू नका, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. भाऊबीजेला येतेय, तेव्हा कसं करायचं ते दाखवून ठेवीन. आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का ते फोनवर सांग, "बरं आहे" एवढंच नको.

तुमची,
ताई